तुमचे प्रश्न, पाण्याच्या गोष्टी : ओकीचोबीच्या काठची रात्र

प्रश्न : माझी लेक फ्लोरिडात, वेस्ट पाम बीचजवळ राहते. यंदा तीन महिने तिच्याकडे होते. एका रविवारी जावयांनी ओकीचोबी नावाचं तळं बघायला नेलं. तासभर गाडी चालली, शेवटी शेवटी नुसती उसाची शेतं. तळ्याशी पोचलो, तर तळं दिसेचना! समोर गवत उगवलेला लांबच लांब बांध. पायऱ्या चढून वर गेलो तेव्हा पाणी दिसलं, पण पलीकडचा काठ काही दिसला नाही. परतताना बेल ग्लेड गावात ग्रंथालयासमोर एक शिल्प पाहिलं. एक कुटुंब जिवाच्या आकांताने पळतंय, हात वर केलेले. जावई म्हणाले, 1928 साली वादळात या तळ्याला पूर आला आणि हजारो माणसं बुडाली. आम्ही कृष्णाकाठचे. नदीचा पूर कळतो, धरण फुटलं तर काय होतं तेही कळतं. पण तळ्याला पूर येतो कसा? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दुसरं काही हातात घेतलं नाही. त्या पायऱ्या मीही चढलोय. भाचा तिकडे नोकरीला होता, ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो होतो. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मातीचा बांध दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. तळ्याच्या बाजूचं दगडी पिचिंग, म्हणजे लाटांनी माती धुपू नये म्हणून बसवलेले दगड, बघितलं, माथ्यावरून दोन-तीन किलोमीटर चाललो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली घरं, शाळा, शेतं. पाण्याची पातळी आणि घरांची पातळी डोळ्यांनी ताडून बघायची आम्हा लोकांना सवय असते. ती ताडली आणि मी गप्प झालो. भाच्याने विचारलं, मामा, काय झालं? तेव्हा त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला लिहितो, जरा सविस्तर.

आधी तळं समजून घेऊ. हिचिटी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ओकी म्हणजे पाणी आणि चोबी म्हणजे मोठं. मोठं पाणी. नाव अगदी खरं आहे. विस्तार सुमारे 1,900 चौरस किलोमीटर. आपला जायकवाडीचा नाथसागर साधारण 350 चौरस किलोमीटरचा. म्हणजे पाच नाथसागर मावतील आणि वर जागा उरेल. पण सरासरी खोली किती? 9 फूट! घराच्या एका मजल्याएवढीसुद्धा नाही. एवढा पसारा आणि एवढंसं पाणी. हे तळं म्हणजे परात आहे, ताई. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या परातीत आहे.

घरी करून बघा. मोठी परात घ्या, तळ जेमतेम झाकेल इतकंच पाणी घाला आणि एका काठाला तोंड लावून जोरात फुंका. तुमच्या बाजूचा तळ उघडा पडेल, पाणी पलीकडच्या काठाला जाऊन साचेल. आता खोल पातेलं भरून घ्या आणि तेवढ्याच जोराने फुंका. लाटा उठतील, पण तळ उघडा पडणार नाही. कारण असं की वारा वरचं पाणी पुढे रेटतो, ते पाणी खालून मागे फिरायला बघतं. खोल तळ्यात खाली जागा असते. उथळ तळ्यात ती नसते, म्हणून पाणी समोरच्या काठाशी चढतच जातं. आम्ही इंजिनिअर याला 'विंड सेटअप' म्हणतो. वारा दुप्पट झाला की ही चढ चौपट होते, खोली निम्मी असली की दुप्पट. त्या रात्री परात 50-60 किलोमीटर लांबीची होती आणि फुंकर हरिकेनची, म्हणजे अटलांटिकमधल्या जोरदार चक्रीवादळाची.

पण नुसत्या वाऱ्याने एवढी माणसं मेली असती का? नाही. वारा ही निसर्गाची गोष्ट. माणसं तळ्याच्या कुठल्या बाजूला, कसल्या बांधाआड राहत होती, ही माणसांनी केलेली गोष्ट. मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

या तळ्याला दक्षिणेला धड काठ नव्हताच. पावसाळ्यात तळं भरलं की दक्षिणेकडून पाणी हलकेच सांडायचं आणि रुंद, पातळ चादरीसारखं करवती गवताच्या दलदलीतून समुद्राकडे सरकायचं. ती दलदल म्हणजे एव्हरग्लेड्स. आपल्या भाषेत बोलायचं तर तळ्याची दक्षिण बाजू हाच त्याचा सांडवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाचे गव्हर्नर नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड यांनी दलदल उपसून शेती करायची असा ध्यासच घेतला. कालवे खणले गेले, पाणी उतरलं, खालून काळी जमीन निघाली. हजारो वर्षं कुजलेल्या गवताची ती माती. शेंगा, टोमॅटो, मिरची, काय लावाल ते उगवायचं. 'तिची माती हेच तिचं धन' हे बेल ग्लेडचं ब्रीदवाक्य. गावं वसली : बेल ग्लेड, पहोकी, साऊथ बे, चोझन. सगळी सांडव्याच्या तोंडाशी. धरणाच्या सांडव्याखाली कुणी झोपडं बांधलं तर आम्ही नोटीस काढायचो. इथे सरकारनेच जमिनी विकून माणसं बोलावली होती.

आणि ती माती! मी बेल ग्लेडच्या शेती संशोधन केंद्रात तो प्रसिद्ध खांब बघायला गेलो होतो. 1924 साली 9 फूट लांबीचा काँक्रीटचा खांब खालच्या खडकापर्यंत ठोकला, डोकं बरोबर जमिनीच्या पातळीला ठेवलं. मी गेलो तेव्हा तो माझ्या खांद्याच्या आसपास उभा होता. खांब वर आला नव्हता, जमीन खाली गेली होती. कुजकी सेंद्रिय माती उपसली की वाळते, आक्रसते, हवा लागून जळून जाते. मी तिथला एक डिखळा उचलला. ढेकळाएवढा मोठा, पण हातात वजनच नाही, जणू वाळलेलं शेण. बोटांनी दाबला तर भुगा झाला. आपल्याकडे धरणाच्या पोटात जी काळी चिकण माती घालतात, पाणी मारून रोलरने दाबतात, तिचा आणि हिचा रंग सोडून काहीच संबंध नाही.

1928 साली तळ्याच्या दक्षिणेचा बांध याच मातीचा होता. उंची 5-6 फूट. त्याखाली पाया नाही, वर पिचिंग नाही. पावसाळ्यात थोडं वर येणारं पाणी शेतात शिरू नये एवढ्यापुरता तो होता. वादळासाठी तो कुणी बांधलाच नव्हता.

कुणाला कल्पना नव्हती असंही म्हणता येत नाही. याआधी दोनच वर्षं, सप्टेंबर 1926 मध्ये, मायामीला झोडपून गेलेल्या हरिकेनने याच तळ्याच्या नैऋत्य काठावरचं मूर हेवन गाव असंच बुडवलं होतं. शेकडो माणसं गेली. चर्चा झाली, मागण्या झाल्या. दोन वर्षांनी बांध होता तेवढाच होता.

आता ती रात्र. वादळ 12 सप्टेंबरला ग्वाडलूप बेटावर आदळलं, तिथे हजाराच्या वर माणसं मेली. 13 तारखेला प्वेर्तो रिको. 16 सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ते वेस्ट पाम बीचच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 230 किलोमीटरच्या घरात. तळं किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत. ऑगस्टपासून पाऊस झोडपत होता, तळं आणि कालवे आधीच तुडुंब.

तळ्याकाठच्या लोकांना इशारा मिळाला होता, ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सकाळीच निरोप फिरला होता की वादळ येतंय, उंचावर जा. बरेच जण गेलेही. सांगितलेली वेळ टळली, वादळ आलं नाही. लोकांना वाटलं, चुकलं, दुसरीकडे वळलं. बायकामुलांना घेऊन ते घरी परतले. तेवढ्यात अंधार पडला आणि ते आलं.

हे वाचताना मला प्रत्येक वेळी 12 जुलै 1961 आठवतो. मी अकरा वर्षांचा होतो, आमचं बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत. पानशेत फुटल्याची आवई सकाळीच आली. वाड्यातल्या बायकामुलांना वरच्या अंगाला नातेवाइकांकडे धाडलं. मग वडील परत गेले. आईचं शिवणयंत्र माळ्यावर ठेवायचं होतं आणि पाणी तर अजून बोळाच्या तोंडाशीच होतं, हळूहळू येत होतं. काका मागोमाग गेले आणि त्यांना दंडाला धरून ओढत घेऊन आले. यंत्र तिथेच राहिलं. दुपारी खडकवासलाही गेलं आणि पाणी आमच्या माळ्याच्या वर चढलं. काका नसते तर मी आज हे लिहीत नसतो. म्हणून ओकीचोबीच्या लोकांना कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. घर समोर दिसत असतं, पाणी दिसत नसतं. माणूस घराकडेच जातो.

वादळ आग्नेयेकडून तळ्याकडे सरकत होतं. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून आधी तळ्यावर वारा उत्तरेकडून आला. त्याने सगळ्या तळ्याचं पाणी दक्षिण काठाला लोटलं. मातीचा बांध काही ठिकाणी वरून ओसंडला, काही ठिकाणी सरळ वाहून गेला. मैलोगणती तो उरलाच नाही. पाणी तासाभरात घराच्या उंबऱ्यावरून छपरापर्यंत चढलं, काही जागी 20 फुटांपर्यंत. लाकडी घरं पायावरून सुटून तरंगायला लागली. लोक माळ्यावर गेले, तिथून कुऱ्हाडीने छप्पर फोडून वर. काळोख, पाऊस, आणि पाण्यातून विषारी सापसुद्धा जीव वाचवायला त्याच छपरांवर, त्याच झाडांवर चढलेले. मग वादळाचा डोळा सरकला, वारा फिरला, दक्षिणेकडून सुटला. पाणी उलटं उत्तर काठाला गेलं आणि तिकडेही घरं बुडाली. चोझन हे गाव त्या रात्रीनंतर नकाशावर राहिलं नाही.

तर ताई, तळ्याला पूर आला तो असा. पाणी कुठून नवीन आलं नाही. होतं तेच पाणी एका बाजूला उभं राहिलं, आणि त्या बाजूला माणसं होती.

प्रश्न : या दुर्घटनेच्या मृतांचा आकडा कुठे 1,836 आढळतो, कुठे 2,500. एवढी तफावत का? आणि या वादळाला नाव का नाही? — एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : नावाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. अटलांटिकमधल्या वादळांना ठरवून माणसांची नावं द्यायची पद्धत 1953 पासूनची. त्याआधी ज्या जागी फटका बसला तिचं नाव चिकटायचं, म्हणून अमेरिकेत हे ओकीचोबी हरिकेन. प्वेर्तो रिकोत त्या दिवशी ज्या संताचा सण त्याचं नाव वादळाला देत. 13 सप्टेंबर हा संत फिलिपचा दिवस, म्हणून तिथे ते 'सॅन फेलिपे सेगुंदो', दुसरा सॅन फेलिपे. पहिला 1876 साली, नेमका याच तारखेला येऊन गेला होता.

प्वेर्तो रिकोचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट टिपून ठेव. वादळ तिथे फ्लोरिडापेक्षा जास्त जोरात होतं. अख्खं बेट त्याने नांगरून काढलं, लाखो लोक बेघर झाले. पण मृत्यू 300 च्या घरात. रेडिओवरून आणि पोलीस ठाण्यांमार्फत इशारा गावोगाव वेळेत पोचला होता आणि लोक पक्क्या आडोशाला गेले होते. वादळ तेच, काही दिवसांच्या अंतराने. जास्त जोर होता तिथे 300, कमी होता तिथे हजारो.

आता आकडा. 1,836 हा रेड क्रॉसचा. तीन पिढ्या तोच छापला गेला. 2003 साली, घटनेला 75 वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेच्या हवामान खात्याने तो बदलून 'किमान 2,500' केला. यातला 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे, तो गाळू नकोस.

तफावत का, हे समजायला मेले कोण ते बघावं लागतं. मृतांपैकी साधारण तीन चतुर्थांश काळे शेतमजूर होते. कित्येक जण बहामा बेटांवरून हंगामापुरते आलेले. सप्टेंबर म्हणजे लावणीचे दिवस, माणसं नुकतीच कुठे येऊन पडली होती. आपल्याकडे बीडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांवर जाऊन कोप्या टाकतात, तसं चित्र डोळ्यांपुढे आण. कालव्याच्या कडेला फळ्यांच्या खोल्या. मालकाला नाव माहीत नाही, टोपणनावाने हाक मारायची, दिवसाची मजुरी हातावर ठेवायची. कोण आलं, कोण गेलं, याची वही नाही. घरचं कुटुंबच्या कुटुंब वाहून गेलं, तर 'आमचा माणूस सापडत नाही' हे सांगायला तरी मागे कोण राहणार?

त्यातून प्रेतं मिळणंही अवघड. पाणी कित्येक आठवडे ओसरलं नाही. बरीच प्रेतं करवती गवतात दूरवर वाहून गेली होती. पहिले दिवस बाहेरच्या जगाचं लक्ष किनाऱ्यावरच्या पडझडीकडेच होतं; तारा तुटलेल्या, रस्ते पाण्याखाली, आत तळ्याकाठी काय झालंय ते कळायला वेळ लागला. जी प्रेतं मिळाली ती उन्हात टिकेनात. चुना टाकून पुरायला सुरुवात झाली, पुढे लाकडं-तेल ओतून जागेवरच जाळली. जाळलेल्यांची ओळख कोण पटवणार? नंतरही वर्षानुवर्षं शेत नांगरताना हाडं लागत राहिली.

आणि पुरण्यातही भेद केला गेला. हे मला शांतपणे लिहिता येत नाही, पण लिहायलाच हवं. प्रेतं गोळा करायचं काम काळ्या माणसांना बंदुकीच्या धाकाने करायला लावलं, ज्यांची स्वतःची माणसं त्याच पाण्यात होती त्यांनाही. शवपेट्या कमी होत्या, त्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या. वेस्ट पाम बीचच्या वूडलॉन दफनभूमीत 69 गोऱ्या मृतांचं सामुदायिक दफन झालं. त्याच शहरात टॅमरिंड अव्हेन्यूला, निराधारांना पुरायच्या जागेत, एका खड्ड्यात 674 काळी माणसं पुरली. टॅमरिंड म्हणजे आपली चिंच. चिंचेच्या रस्त्यावरच्या त्या खड्ड्यापाशी महिनाअखेर प्रार्थना झाली, त्या वेळी शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लाउड बेथ्यून हजर होत्या, दोन हजारांवर लोक जमले होते. नंतर मात्र तिथे साधी पाटीसुद्धा लागली नाही. जागा विकली गेली, पुन्हा विकली गेली. शहरातल्या काळ्या लोकांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे 2000 साली नगरपालिकेने ती परत विकत घेतली, आणि 2003 मध्ये तिथे स्मारकाचा फलक उभा राहिला.

सालं जुळवून बघ. फलक 2003 चा. आकडा सुधारला तोही 2003 साली. मी याला योगायोग मानत नाही. ती माणसं तिथे आहेत असं जेव्हा शहराने मान्य केलं, तेव्हाच ती मोजलीही गेली.

आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर एक म्हातारा चणे-फुटाणे घेऊन बसायचा. आम्ही त्याला फुटाणेबाबा म्हणायचो. पानशेतच्या पुरानंतर तो दिसला नाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, गावी गेला असेल. गाव कुठलं? माहीत नाही. नाव काय? तेही नाही. माझा हा प्रश्न अजून तसाच आहे. म्हणून तुला सांगतो, अभ्यासात मृतांचा आकडा आला की तो कुणी मोजला आणि कसा, हे शोधायची सवय ठेव.

प्रश्न : आमची शेती नाथसागराच्या काठाला आहे. तोही पसरट. वाऱ्याने इथे असं होऊ शकतं का? आणि त्या अमेरिकेच्या तळ्याची आज काय स्थिती? — एक शेतकरी वाचक, पैठण तालुका

उत्तर : भाऊ, घाबरण्यासारखं नाही. वाऱ्याने पाणी एका अंगाला चढतं हा नियम नाथसागरालाही लागू आहे. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की तुमच्या बाजूला धरणाच्या पिचिंगवर लाटा कशा आपटतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण ताशी 200 किलोमीटरचा वारा तासन् तास वाहील असं चक्रीवादळ किनाऱ्यापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून, तेवढ्या ताकदीने पोचत नाही. शिवाय जलाशयाची पूर्ण पातळी आणि धरणाचा माथा यात जी मोकळी उंची सोडतात, ज्याला आपण फ्रीबोर्ड म्हणतो, ती लाटा आणि वारा धरूनच काढलेली असते. तुमच्या भागात लक्ष ठेवायचं ते गोदावरीच्या पुरावर आणि दरवाजातून सुटणाऱ्या पाण्यावर. विसर्गाचा निरोप आला की मोटारी आणि पाइप काढायच्या आधी माणसं आणि जनावरं हलवा. मोटार परत मिळते.

ओकीचोबीचं म्हणाल तर, 1928 नंतर मात्र तिथे काम झालं. फेब्रुवारी 1929 मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर स्वतः पाहायला आले. ते मूळचे खाण अभियंता, आणि 1927 साली मिसिसिपीच्या महापुराचं मदतकार्य त्यांनी हाताळलेलं होतं. 1930 साली कायदा झाला, लष्कराच्या अभियंता दलाने पक्का बांध घालायला घेतला आणि 1930 च्या दशकातच दक्षिण काठ सुरक्षित केला. ऑगस्ट 1949 मध्ये पुन्हा मोठं हरिकेन तळ्यावर आलं तेव्हा हा बांध टिकला. 1947 च्या पुरानंतर काम आणखी वाढवलं आणि 1960 च्या दशकात बांधाने जवळपास अख्ख्या तळ्याला वेढा घातला. 230 किलोमीटर लांबी, 30 फुटांच्या आसपास उंची. नाव हूवरचंच.

हा बांध जुन्या पद्धतीचा. जागेवर मिळेल ती माती, वाळू, शिंपल्यांचा चुरा घालून केलेला. पाणी चढलं की तो पाझरायचा. मातीच्या धरणाखाली ज्याने नोकरी केली त्याला हे वेगळं सांगायला नको : पाझर स्वच्छ पाण्याचा असेल तर झोप लागते, गढूळ झाला की धावायचं, कारण पाण्याबरोबर आतली माती निघायला लागलेली असते. 2005 साली कॅटरिना हरिकेनमध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि सगळ्यांनी ओकीचोबीकडे पाहिलं. 2007 पासून दुरुस्ती हाती घेतली. बांधाच्या पोटात खोलवर पाझर अडवणारी कटऑफ भिंत, जुन्या गंजक्या मोऱ्या काढून नव्या. काम जानेवारी 2023 मध्ये संपलं, खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर. आजचा बांध त्या मानाने भरवशाचा आहे.

फक्त एवढंच, की तळ्याचं दक्षिणेला सांडणं त्यामुळे कायमचं थांबलं. जादा पाणी आता पूर्वेला आणि पश्चिमेला नद्यांतून समुद्रात सोडावं लागतं, आणि शेतांची खतं उतरलेलं ते पाणी जाईल तिथे शेवाळ माजवतं. खाली एव्हरग्लेड्स मात्र पाण्यावाचून तहानलेलं. त्याला त्याच्या वाट्याचं पाणी परत द्यायचा मोठा प्रकल्प चालू आहे. त्याबद्दल कुणी विचारलं तर पुढे कधी लिहीन.

साताऱ्याच्या ताईंना : पुन्हा लेकीकडे जाल तेव्हा दोन ठिकाणी जाऊन या. बेल ग्लेडहून पहोकी, कनाल पॉइंट करत तळ्याच्या कडेकडेने उत्तरेला रस्ता जातो. पुढे पोर्ट मायाका लागतं. तिथल्या दफनभूमीत तळ्याकाठी सापडलेल्या सुमारे 1,600 जणांना एकत्र पुरलंय. दुसरी जागा तर लेकीच्या घरापासून जवळच आहे, टॅमरिंड अव्हेन्यू आणि 25 वा रस्ता मिळतात तिथे. मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुंपणाआत नुसती हिरवळ आणि फलक. भाचा गाडीतच थांबला होता. मी फलक वाचला, 674 हा आकडा दोनदा वाचला, आणि हातात काहीच नव्हतं म्हणून कडेचं पिवळं रानफूल तोडून ठेवलं. तुम्ही जाताना फुलं घेऊन जा. जमलं तर माझ्या वतीनेही चार ठेवा.